वाचणाऱ्याला कळलं नसेल तर ऐकणाऱ्याला कळतं

माहितीपर आणि वैचारिक पुस्तकांची ऑडिओबुकं काढणारे प्रकाशक, निर्माते, ध्वनिमुद्रक आणि माइकसमोर बसून वाचणारे, या सर्वांस सप्रेम नमस्कार.

‘त्या औषधाने रुग्ण बरे झाले नाहीत.’

हे वाक्य मोठ्याने दोनदा वाचून बघा. एकदा ‘औषधाने’वर जोर द्या. अर्थ होतो, रुग्ण बरे झाले, पण त्या औषधामुळे नव्हे. दुसऱ्यांदा ‘बरे झाले नाहीत’वर जोर द्या. आता रुग्ण अंथरुणातच आहेत. छापील पानावर आजूबाजूची वाक्यं डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे सहसा घोटाळा होत नाही. मागच्या महिन्यात मी साथीच्या रोगांच्या इतिहासावरचं एक पुस्तक ऐकत होते. वाचकाने दुसरी तऱ्हा निवडली. निवडली तरी कसं म्हणू, ती त्याच्या तोंडून होऊन गेली. लेखकाचा सगळा मुद्दा असा होता की रुग्ण बरे होतच होते, श्रेय तेवढं औषधाला मिळालं. पुढची वीस मिनिटं मी भांडी घासता घासता विचार करत होते की हा लेखक स्वतःचंच म्हणणं का खोडतोय. शेवटी हात पुसून मागे गेले, ते वाक्य तीनदा ऐकलं, आणि मग लक्षात आलं की लेखकाचं काहीच चुकलेलं नाही.

(या पत्रात ‘वाचक’ म्हणजे माइकसमोरचा. पुस्तक कानाला लावणाऱ्याला मी ‘श्रोता’ म्हणते. तुम्ही ‘नॅरेटर’ किंवा ‘व्हॉइस आर्टिस्ट’ म्हणता हे ठाऊक आहे. मला ‘वाचक’ बरा वाटतो. बोलण्याआधी त्याने पुस्तक वाचलेलं असेल, अशी निदान आशा तरी त्या शब्दात आहे.)

तुमच्या धंद्यातली मी नाही. अंध विद्यार्थ्यांसाठी अकरा वर्षं क्रमिक आणि संदर्भाची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होते, हौस म्हणून. माझा आवाज बरा आहे असं लोक म्हणायचे, त्यामुळे मी वाचतेही चांगलं, असा माझा समज होता. अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने तो एका वाक्यात उतरवला. म्हणाली, ‘ताई, सहावं प्रकरण तुम्हाला कळलेलं नाही ना? तिथे तुम्ही हळू आणि गोड वाचायला लागता.’ मी घरी येऊन ते प्रकरण ऐकलं. खरंच, जिथे अर्थाचा हात सुटला होता तिथे मी आवाजाचा आधार घेतला होता. प्रत्येक शब्द स्पष्ट, प्रत्येक वाक्य सारख्याच चढाने सुरू होऊन सारख्याच उताराने संपणारं, आणि आत काहीच नाही. तेव्हापासून मला हा गोडवा कुठेही ओळखू येतो. तुमच्या ऑडिओबुकांत तो फार आहे.

‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात सहा अधम पाठक सांगितले आहेत: गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, डोकं हलवत वाचणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. यादी वेदपठणासाठी केलेली असली तरी स्टुडिओच्या दारावर लावण्यासारखी आहे. लिहिलेलं बघून वाचणाऱ्याला आपण माफ करून टाकू, नाहीतर तुमचा धंदाच बंद होईल. डोकं हलवणारा दिसत नाही असं वाटतं, पण माइक त्याला पकडतो. तोंड माइकपासून जवळ-लांब गेलं की आवाजाचा पोत वाक्याच्या मधेच बदलतो. उरलेल्यांपैकी घाई आणि बारीक आवाज यांचा बंदोबस्त यंत्राने थोडाफार होतो. अर्थ न जाणणाऱ्याला, म्हणजे तिथल्या शब्दात ‘अनर्थज्ञा’ला, मात्र कुठलंही यंत्र झाकू शकत नाही. आणि गाऊन वाचणारा बहुतेकदा तोच असतो.

कथा-कादंबरीत हे काही अंशी खपतं. तिथे प्रसंग असतो, संवाद असतात, श्रोता पुढे काय होणार याच्या ओढीने चार चुका पोटात घालतो. कथेतर पुस्तकात ओढ असते ती युक्तिवादाची. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘फक्त’, ‘निदान’, ‘बहुधा’ या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवर अख्खी इमारत उभी असते. अभिनयात तयार झालेला वाचक नामांना आणि विशेषणांना सजवतो आणि ‘बहुधा’वरून घरंगळत पुढे जातो. लेखकाने वर्षानुवर्षं कागदपत्रं चाळून तो ‘बहुधा’ लिहिलेला असतो. तो खाल्ला की शंका म्हणून मांडलेली गोष्ट श्रोत्याच्या डोक्यात सिद्धांत होऊन बसते.

आता डोळा आणि कान यांच्यातला फरक जरा नीट बघू, कारण सगळी गोम तिथे आहे.

वाचताना डोळा सरळ रेषेत सरकत नाही. तो छोट्या उड्या मारतो, आणि त्यातल्या साधारण १० ते १५ टक्के उड्या उलट, मागच्या शब्दांकडे असतात. वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे अनेकदा मोजलेलं आहे. आपण मागे जाऊन आलो हे आपल्याला जाणवतही नाही. वाक्य अवघड असलं की उलट्या उड्या वाढतात, सोपं असलं की घटतात. थोडक्यात, आपण छापील पुस्तक आपल्या आपण दुरुस्त करत वाचत असतो. ऐकताना ही सोय जाते. मागे नेणारं बटण असतं, पण हात ओले असतात किंवा स्टिअरिंगवर असतात, आणि एका शब्दासाठी कोण तीस सेकंद मागे जातं? म्हणजे जी मागे-पुढे नजर आपण टाकली असती ती वाचकाने आपल्यासाठी आधीच टाकून ठेवायची असते. वाक्य कुठे जाणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज पहिल्या शब्दापासून वेगळा लागतो.

मराठीत हे काम आणखी नाजूक होतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘अनेक दशकं निर्विवाद मानला गेलेला आणि आजही पाठ्यपुस्तकांतून शिकवला जाणारा हा सिद्धांत प्रयोगांनी सिद्ध झालेला...’ इथपर्यंत श्रोता श्वास धरून बसलेला असतो, आणि ‘आहे’ येणार की ‘नाही’ येणार हे त्याला कळत नसतं. तयारीचा वाचक ‘निर्विवाद मानला गेलेला’ म्हणतानाच आवाजात अंमळ संशय ठेवतो. बेतयारीचा वाचक गौरवाच्या सुरात चढत जातो आणि ‘नाही’वर तोंडघशी पडतो.

दुसऱ्याचं म्हणणं सांगतानाची गत तर याहून वाईट. इंग्रजीत कोण म्हणालं ते बहुतेकदा आधी येतं. आपल्याकडे ‘असं ते मानत’, ‘असा त्यांचा दावा होता’ हे शेपटीला. समजा, लेखक लिहितो: ‘गरीब माणूस आळशी असतो, म्हणूनच तो गरीब राहतो आणि त्याला मदत करणं म्हणजे आळसाला खतपाणी घालणं, असं त्या काळातले सुखवस्तू लोक एकमेकांना पटवून देत.’ पानावर अवतरणचिन्हं नसली तरी डोळा पुढचं ‘असं’ आधीच टिपतो. कानाला मात्र ओळीच्या शेवटापर्यंत वाटत राहतं की लेखकच हे बोलतोय. अशा ठिकाणी नाटकी आवाज काढायची गरज नाही. सुखवस्तू माणसाची नक्कल तर मुळीच नको. सुरुवातीला एक क्षणभर थांबा, सूर एक पायरी खाली, आणि ‘असं’च्या आधी पुन्हा किंचित थांबा, एवढ्याने भागतं. पण एवढं करायलाही ‘असं’ येणार आहे हे आधी माहीत हवं.

म्हणजे तयारी. तयारीबद्दल तुम्हाला प्रामाणिकपणे विचारते: तिचे पैसे तुम्ही देता का?

बऱ्याच ठिकाणी वाचकाला मोबदला मिळतो तो तयार तासाच्या हिशेबाने. म्हणजे सगळी काटछाट होऊन श्रोत्याच्या हाती पडणारा जो तास, त्याचा दर. इंग्रजीत ठोकळमानाने ९,३०० शब्दांचा एक तास धरतात. लाखभर शब्दांचं पुस्तक साधारण अकरा तासांचं होतं. त्या अकरा तासांसाठी माइकसमोर किती तास बसावं लागतं हे तुम्ही जाणता, संपादन वेगळंच. पण पुस्तक आधी एकदा पूर्ण वाचणं, नावांचे उच्चार शोधणं, दोन प्रकरणं कळली नाहीत म्हणून लेखकाला फोन करणं, हे सगळं त्या दरात अदृश्य आहे. प्रेमकथेला तयारी कमी लागते, चलनवाढीच्या इतिहासाला चौपट, आणि दर तोच. मग वाचकाने पहिल्यांदा वाक्य बघावं ते थेट ध्वनिमुद्रण चालू असताना, यात नवल काय? मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. फुकट काम असतानाही मी सहावं प्रकरण न समजता वाचलंच होतं की.

उलट ज्याचं मोजमाप करता येतं ते तुम्ही चोख करता. ॲमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकांच्या मंचावर प्रत्येक फाइलमधल्या आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये हवी, सर्वोच्च टोक उणे ३च्या वर जायला नको, शांततेतला गुरगुराट उणे ६०च्या खाली हवा. नियम चांगलेच आहेत, त्यांच्यामुळे कानाला त्रास होत नाही. पण ‘वाक्याचा अर्थ बरोबर पोचतो का’ हा रकाना कुठल्याच तपासणी-तक्त्यात मला आढळलेला नाही. तुमच्याकडे प्रूफ ऐकणारा माणूस असतो तोही शब्द पानाबरोबर जुळवतो. ‘औषधाने’ हा शब्द होता, वाचला गेला, बरोबरची खूण झाली.

संपादनावरून आठवलं. श्वास आणि थांबे इतके कापू नका. तर्काच्या दोन पायऱ्यांमध्ये जी अर्ध्या सेकंदाची जागा असते तिथे श्रोता पहिली पायरी पक्की करत असतो. ती जागा काढून पुस्तक बारा मिनिटांनी आखूड झालं तर त्या बारा मिनिटांचं काय करू मी? ज्याला घाई आहे तो दीडपट वेगाने ऐकतोच, त्याची काळजी नको. आणि प्रकरण संपता संपता मागून येणारी ती बासरी किंवा सिंथेसायझर, तेही नको.

उच्चार. परकी नावं चुकतात, चुकणारच. एखादं नाव मूळ भाषेत नेमकं कसं म्हणतात याचा आग्रह मी धरत नाही, एकसारखं म्हणा एवढंच. पहिल्या दिवशी एक उच्चार, आठवड्याने आल्यावर दुसरा, दुरुस्तीच्या तुकड्यांत तिसरा, असं झालं की श्रोत्याला तीन माणसं भेटतात. पानावर नावाचं स्पेलिंग तेच असतं, त्यामुळे डोळ्याची अशी फसगत होत नाही. मराठी शब्दांत मात्र माफी नाही. ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’, ‘जगाचा इतिहास’मधला ‘ज’ आणि ‘जगायचं कसं’मधला ‘ज’, लिपी यांच्यात फरक करत नाही, म्हणून तो वाचकाने करायचा असतो. वृद्धत्वाच्या विज्ञानावरच्या पुस्तकात एका वाचकाने ‘जरा आणि व्याधी’ हे ‘जरा इकडे ये’मधल्या ‘ज’ने वाचलेलं ऐकलंय. हसू आलं, पण तो विनोद लेखकाचा नव्हता.

आकड्यांकडे येते. आपल्या भाषेत शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे, आणि कानाला त्यांतले कितीतरी एकमेकांसारखे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव. पानावर ५९ आणि ६९ यांची गल्लत होत नाही. एका परिच्छेदात असे सात आकडे ओळीने आले आणि वाचकाने ते किराणा यादीसारखे वाचले, की श्रोत्याच्या हातात काहीच उरत नाही. वाचकाने यातला कोणता आकडा महत्त्वाचा ते ठरवायला हवं. बाकीचे समान गतीने जाऊ देत, पण ज्याच्यासाठी लेखकाने ही रांग लावली तो आकडा सुटा, स्वच्छ यायला हवा. आणि लेखकाची परवानगी घेऊन ‘४९.७ टक्के’च्या जागी ‘जवळजवळ निम्मे’ म्हटलं तर आकाश कोसळणार नाही. मूळ संहितेशी एकनिष्ठ राहण्याचा तुमचा बाणा मी समजू शकते. पण ‘खालील तक्त्यात दाखवल्याप्रमाणे’ हे शब्द अखंड वाचून पुढे तक्ताच नसणं, ही कसली एकनिष्ठा? सोबतची पीडीएफ वेगळी उतरवून घ्यावी लागते, आणि जी व्यक्ती ऐकते आहे तिचे डोळे त्या वेळी रस्त्यावर असतात किंवा तिला दिसतच नसतं. तक्त्यात काय दिसतं ते लेखकाकडून दोन वाक्यांत लिहून घ्या आणि ती वाक्यं वाचा. तळटीपांचंही तसंच. निव्वळ संदर्भ सांगणाऱ्या टीपा खुशाल वगळा. पण ज्या टीपेत लेखक ‘हे मात्र वादग्रस्त आहे’ असं कबूल करतो ती परिच्छेदाच्या शेवटी वाचलीच पाहिजे. ती गाळणं म्हणजे त्याच्या तोंडून खोटं वदवणं.

दिसत नसलेल्या श्रोत्यांचा उल्लेख झाला तर थोडं थांबते, कारण हे दालन मुळात त्यांचं आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले, त्यांत पत्रलेखनापाठोपाठ अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होती. ती प्रत्यक्षात यायला अमेरिकेत १९३४ आणि ब्रिटनमध्ये १९३५ उजाडलं. अमेरिकेतली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर निघत, ब्रिटनमधली त्याहून सावकाश, २४ फेरे घेणाऱ्या. सामान्य संगीतप्रेमींसाठी दीर्घवादी तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आली ती १९४८मध्ये, म्हणजे या बाबतीत अंध श्रोते जगाच्या चौदा वर्षं पुढे होते. डोळस गिऱ्हाईक बरंच उशिरा आलं. १९७५ साली डुवॉल हेक्ट या माजी ऑलिंपिक वल्हेपटूने गाडीतल्या रोजच्या प्रवासाला कंटाळून कॅसेटवरच्या अखंड पुस्तकांचा व्यवसाय काढला. तेव्हापासून दोन तऱ्हेचे श्रोते आहेत, एकाला पुस्तक हवंय आणि दुसऱ्याला सोबत, आणि तुमचा ओढा सोबतीकडे झुकत गेला.

पुस्तक हवं असणाऱ्यांनी आपली सोय स्वतः केली. १९९६ साली स्थापन झालेल्या डेझी संघाने अंधांच्या श्राव्यपुस्तकांसाठी अशी रचना ठरवली की श्रोता भागावरून प्रकरणावर, प्रकरणावरून उपशीर्षकावर, हव्या त्या पानावर उडी मारू शकतो, आणि टीपा नको असतील तर त्या बंद ठेवू शकतो. मी ज्यांच्यासाठी वाचायचे ती मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री अकराशे पानांत नेमका परिच्छेद गाठायची. आणि आज मी पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकात ‘ट्रॅक १७’ असं लिहिलेलं असतं. हा ट्रॅक १७ म्हणजे छापील पुस्तकातलं प्रकरण १४, कारण अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि तुमच्या संस्थेची जाहिरात हे तीन ट्रॅक आधी मोजले आहेत. प्रकरणांची नावं टाकायला काही खर्च येत नाही हो.

ऐकून कळतं का, हा प्रश्न मधूनमधून निघतो. दोन अभ्यास आठवतात. २०१६ साली बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ९१ प्रौढांना एका कथेतर पुस्तकाचा भाग दिला, काहींना ऐकायला, काहींना पडद्यावर वाचायला, काहींना दोन्ही एकदम. लगेच आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत गटागटांत लक्षणीय फरक निघाला नाही. त्याआधी २०१०मध्ये डॅनियल आणि वुडी यांनी विद्यार्थ्यांना मानसशास्त्राचा मजकूर दिला होता, तिथे पॉडकास्ट ऐकणारे वाचणाऱ्यांच्या बरेच मागे पडले. लोक यांतला सोयीचा अभ्यास उचलून भांडतात. मला दोन्ही पटतात. पहिल्यातला मजकूर एका माणसावर ओढवलेल्या प्रसंगांची हकिगत होती, दुसऱ्यातला अभ्यासाचा. हकिगत कानातून सरळ आत जाते. व्याख्या, भेद, अपवाद यांना मागे वळून बघणारा डोळा लागतो, किंवा त्याची भरपाई करणारा वाचक. म्हणून चरित्र, प्रवास, शोधाची कहाणी ही पुस्तकं तुमच्याकडून सहसा चांगली होतात, वाचक मध्यम असला तरी. काही पुस्तकं मात्र काढूच नयेत असं माझं मत आहे. दर तिसऱ्या पानावर आकृती असलेलं सांख्यिकीचं पुस्तक ऑडिओत आणणं म्हणजे यादी वाढवणं. ज्याला दुसरा मार्गच नाही अशा श्रोत्यासाठी ते करायचं तर आकृतीसकट, शब्दांत मांडून, नीट करा.

लेखकानेच वाचावं का? आत्मकथन असेल आणि लेखकाला बोलता येत असेल तर हो. बराक ओबामांना स्वतःची पुस्तकं वाचल्याबद्दल २००६ आणि २००८ अशी दोनदा ग्रॅमी मिळाली आहे, पण तो माणूस जन्मभर बोलूनच इथवर आलेला. विषयात बुडालेल्या प्राध्यापकाचा सपाट सूर दहा तास ऐकणं ही तपश्चर्या आहे. तरीही, कबूल करते, वाईट वाचणारा लेखक आणि छान आवाजाचा अनर्थज्ञ यांत निवड करायची झाली तर मी पहिला घेईन. अडखळतो, गिळतो, पण ‘तरीही’ हा शब्द कधी चुकवत नाही. लेखक वाचणार नसेल तर त्याला निदान प्रस्तावना वाचू द्या, आणि वाचकाची नि त्याची दोन तास गाठ घालून द्या. त्या दोन तासांत ‘इथे मी उपरोधाने लिहिलंय’ एवढं जरी वाचकाला कळलं तरी पुस्तक बचावेल.

यंत्राच्या आवाजाबद्दल थोडक्यात. २०२३च्या सुरुवातीला ॲपलने यंत्राने वाचलेली ऑडिओबुकं आणली, नंतर इतरांनीही. आता हे आवाज श्वासही घेतात. मला त्यांचा राग नाही. नियमपुस्तिका, संदर्भग्रंथ, कोणी कधीच वाचणार नव्हतं असं जुनं पुस्तक, यांसाठी जरूर वापरा, फक्त मुखपृष्ठावर ठळक लिहा. पण ‘त्या औषधाने रुग्ण बरे झाले नाहीत’ हे वाक्य तिथे दहातून किती वेळा बरोबर येतं ते घरच्या घरी करून बघा. आणि मग हेही बघा की तुमचा घाईतला, दर तासाला बांधलेला माणूस किती वेळा बरोबर वाचतो. आकडे फार लांबचे नसतील अशी मला भीती आहे, आणि याची चिंता यंत्रवाल्यांपेक्षा तुम्ही जास्त करायला हवी.

आणखी दोनच मागण्या. पहिली, नमुन्याची. विकत घेण्याआधी पाच मिनिटं ऐकायला देता ती नेहमी पुस्तकाची सुरुवात असते. सुरुवात सगळेच चांगली वाचतात, ती लेखकानेही सोपी लिहिलेली असते आणि वाचकाचा घसा ताजा असतो. नमुना मधला द्या, सर्वांत अवघड प्रकरणातला. ज्याला तिथे तोल सांभाळता आला त्याच्या हाती मी पूर्ण पुस्तक बिनघोर देईन.

दुसरी, शुद्धिपत्राची. छापील पुस्तकात चूक झाली तर जुने प्रकाशक शेवटी एक चिटोरं चिकटवायचे, पान अमुक, ओळ तमुक. आपण चुकलो हे मान्य करण्याची ती रीत होती. छापलेली प्रत सुधारता येत नसे, म्हणून चिटोरं. तुमची फाइल तर दुपारी दुरुस्त करून संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर पोचवता येते. तरी मी चार ठिकाणी चुका कळवायला पत्ता शोधला. तक्रारीच्या रकान्यात पर्याय होते: पैसे कापले गेले, फाइल उघडत नाही, खातं बंद करायचं आहे. ‘अर्थ बदलला आहे’ असा पर्याय नव्हता.

माझ्याकडे वही आहे. सवय जुनी, मुलांसाठी वाचायचे तेव्हापासूनची. साथीच्या रोगांच्या त्या एका पुस्तकाच्या अडतीस नोंदी झाल्या आहेत, वेळेसकट. त्यांपैकी बावीस उच्चाराच्या, त्या सोडल्या तरी चालतील. सोळा अर्थाच्या आहेत. पहिली अशी: तास ३, मिनिट १२, ‘औषधाने’वर जोर हवा.

कुठे पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
एक श्रोती